उरलेला आजार आणि उलटणारा आजार

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे स्किझोफ्रेनियातून, म्हणजे छिन्नमनस्कतेतून, सावरणाऱ्या माणसांविषयी आहेत. चारही घरांत आजाराचा जोर ओसरून बराच काळ लोटला आहे, औषधे चालू आहेत, आणि तरीही थोडे काही मागे राहिले आहे. या मागे राहिलेल्या भागाविषयी दवाखान्याच्या गर्दीत सविस्तर बोलणे होत नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. माझा मुलगा २८ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला या आजाराचा मोठा झटका आला. शेजारचे लोक आपल्या पाण्यात काहीतरी मिसळतात अशी त्याची खात्री झाली होती आणि तो रात्र-रात्र गच्चीवर टाकीजवळ पहारा देत बसायचा. गोळ्यांनी ते सगळे थांबले. पण आता तो सकाळी दहाशिवाय उठत नाही, अंघोळीसाठी तीनदा सांगावे लागते, घरी कोणी आले की आतल्या खोलीत जाऊन बसतो. पूर्वी तबला छान वाजवायचा. आता तबला गवसणीतून बाहेर काढत नाही. आणि पाण्याचा पेला तोंडाला लावण्यापूर्वी अजूनही एकदा वास घेतो. डॉक्टर म्हणतात, प्रकृती चांगली आहे. ह्यांचे म्हणणे, हा आता निव्वळ आळस आहे. हे आजाराचे आहे, गोळ्यांचे आहे की स्वभावाचे? (एक आई, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : ताई, आधी पाण्याच्या पेल्याविषयी लिहितो, कारण आपल्या पत्रातला तोच तपशील मला सर्वांत बोलका वाटला. तीन वर्षांपूर्वी त्या पाण्यात काहीतरी मिसळलेले आहे अशी आपल्या मुलाची खात्री होती आणि त्या खात्रीपुढे कोणाचेही समजावणे टिकत नव्हते. आज तो वास घेतो आणि पाणी पितो. खात्री गेली, क्षणभराची शंका राहिली, आणि त्या शंकेवर तो दिवसातून आठ-दहा वेळा स्वतःच मात करतो. हे शिल्लक राहिलेले सौम्य लक्षण आहे. त्यावरून त्याला टोकू नका, "अजून विश्वास बसत नाही का?" असे विचारू नका, आणि त्याच्यासमोर स्वतः आधी पिऊन दाखवण्याचीही गरज नाही.

आपले डॉक्टर प्रकृती चांगली असल्याचे सांगतात ते केवळ धीर देण्यासाठी नाही. या आजारात लक्षणे आटोक्यात आली असे केव्हा म्हणावे, याचे निकष २००५ मध्ये नॅन्सी अँड्रियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आणि ते पुढे अनेक देशांत वापरले जाऊ लागले. भ्रम, भास, विस्कळीत बोलणे, भावनांचा कोरडेपणा, लोकांपासून दूर राहणे अशी आठ लक्षणे त्यांत धरली आहेत, आणि ती सौम्य किंवा त्याहूनही कमी पातळीवर निदान सहा महिने राहावीत अशी अट आहे. ती समूळ नाहीशी व्हावीत अशी अट त्यांत नाही. ज्यांनी हे निकष केले त्यांना ठाऊक होते की या आजारातून उठलेल्या पुष्कळ माणसांच्या मनात थोडासा गाळ राहतो आणि तो घेऊनही माणूस चांगला जगतो.

आता उशिरा उठणे, अंघोळ आणि तबला यांच्याकडे येतो. आळस हा शब्द मी आपल्या घरातून काही काळ बाजूला ठेवायला सांगेन, कारण आळशी माणसाला आवडीच्या गोष्टीचा आळस नसतो. अंघोळीचा कंटाळा करणारा तरुण सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत जायचे म्हटले की रात्री अकरालाही तयार होतो. आवडीच्या गोष्टीचीही ओढ वाटेनाशी झाली असेल, तर ते बहुधा या आजाराच्या नकारात्मक लक्षणांपैकी आहे. इथे नकारात्मक याचा अर्थ वाईट विचार असा नाही. उत्साह, बोलण्याची इच्छा, चेहऱ्यावर उमटणारी भावना अशा ज्या गोष्टी माणसात असायला हव्यात त्या उणावणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. या आजाराला १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव देणारे स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनीही भास आणि भ्रम दुय्यम मानले होते. विचारांची तुटलेली साखळी आणि बदललेली भावना हे त्यांच्या मते आजाराचे मूळ होते. आपली आजची बहुतेक औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचा परिणाम कमी करून भास आणि भ्रम चांगले आवरतात, परंतु मनाची उणावलेली उमेद परत आणण्यात ती तोकडी पडतात. टाकीजवळचा पहारा महिन्याभरात सुटतो आणि तबला तीन वर्षे गवसणीत राहतो, याचे एक कारण हे आहे.

पण तेच एकमेव कारण आहे असे गृहीत धरू नका. तबल्याविषयी मला एक शंका येते आणि ती आपण अवश्य तपासून घ्यावी. या गटातील काही औषधांनी शरीरात थोडा ताठरपणा येतो, हालचाल मंदावते, चालताना हात पूर्वीसारखे हलत नाहीत, अक्षर बारीक होत जाते. घरच्यांच्या हे लक्षातही येत नाही. पण तबला वाजवणाऱ्याला बोटांतला फरक सर्वांआधी कळतो. "तिरकिट" पूर्वीच्या लयीत निघत नाही, आणि ज्याने एकेकाळी लोकांसमोर वाजवले आहे तो ही गोष्ट कोणाला न सांगता तबला गुंडाळून ठेवतो. मुलाला एकांतात, सहज विचारा: "बोटे जड वाटतात का रे?" त्याचे आजारापूर्वीच्या वहीतले अक्षर आणि आजचे अक्षर शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर दोन्ही कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. मात्रा थोडी कमी करणे किंवा औषध बदलणे हे उपाय डॉक्टरांच्या हातात आहेत; घरच्या घरी गोळी अर्धी करणे मात्र धोक्याचे आहे.

उशिरा उठण्याचे कारण रात्रीची गोळी घेण्याच्या वेळेतही असू शकते. पुष्कळ घरांत ती अकरा-साडेअकराला, सगळे आवरल्यावर आठवणीने दिली जाते, आणि मग तिची गुंगी सकाळी नऊपर्यंत टिकते. डॉक्टरांना विचारून ती साडेआठला देता येते का ते पाहा. नैराश्याचाही विचार व्हायला हवा. मोठा झटका ओसरल्यावर, आपल्या आयुष्याचे काय झाले हे माणसाला उमगू लागते तेव्हा, त्याला खोल उदासी येऊ शकते आणि ती बाहेरून आळसासारखीच दिसते. तो "माझा काय उपयोग" अशा तऱ्हेचे बोलतो का, पहाटे लवकर जाग येऊन पडून राहतो का, मरणाचा उल्लेख करतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तसा विचार मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. आणि घरात शाकाहार असेल तर बी-१२, त्यासोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्या. वजन आणि साखर तर या औषधांमुळे दरवर्षी पाहिलीच पाहिजे.

घरात काय करावे हे आपण विचारलेले नाही, पण ते लिहिल्यावाचून राहवत नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले की ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते किंवा त्याच्या प्रत्येक हालचालीत लुडबुड होते, त्या घरात आजार अधिक वेळा उलटतो. पुढे १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये हीच पाहणी झाली तेव्हा तिथल्या कुटुंबांत अशी टीका लंडनच्या मानाने बरीच कमी आढळली, आणि आपल्याकडे रुग्ण बरे राहण्याचे एक कारण हे असावे असे संशोधकांना वाटले. आपल्या यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. ते मुलाचे वाईट चिंतत नाहीत हे मी जाणतो. त्यांना वाटते की बोलण्याने मुलगा उठेल. पण अशा मुलाला दिवसभराच्या दहा सूचनांपेक्षा ठरलेल्या वेळेची एकच गोष्ट अधिक उठवते. अंघोळीची वेळ ठरवा, पाणी काढून ठेवा आणि एकदाच सांगा. "तबला वाजव" असे म्हणू नका. तीन वर्षांत तबल्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, उतरली असेल. ती दुरुस्त करून आणायची आहे, तू सोबत चल, एवढे म्हणा. दुकानदार तबला ठोकून सुराला लावू लागला की त्याचा कान काय करतो ते बघा. तो त्या दिवशी वाजवणार नाही कदाचित. तरी तो बाहेर पडलेला असेल.

शेवटी, ज्यासाठी हे सगळे लिहिले ते. उरलेली लक्षणे आणि उलटणारा आजार यांत फरक करायला आपण शिकले पाहिजे. उरलेली लक्षणे महिनोन्‌महिने जवळपास तशीच असतात किंवा हळूहळू फिकी होतात. आजार उलटू लागला की काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदल दिसतो, आणि तो बहुधा झोपेपासून सुरू होतो. प्रत्येक माणसाची उलटण्याची खूण त्याची स्वतःची असते आणि पहिल्या झटक्याआधी जे घडले तेच पुष्कळदा पुन्हा त्याच क्रमाने घडते. आपल्या मुलाच्या बाबतीत वास घेऊन पाणी प्यायले तर ते उरलेले लक्षण आहे. वास घेऊन पेला खाली ठेवला, घरचे पाणी सोडून बाहेरची बाटली आणली, रात्री जिन्यावर पावले वाजली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. एका वहीत आठवड्यातून एकदा, रविवारी, चार ओळी लिहा: झोप किती, पेल्याचे काय, घराबाहेर किती वेळा, गोळी चुकली का. रोज लिहू नका, त्याने पहाऱ्याचे वातावरण होते. त्या वहीत काय लिहिता हे मुलालाही दाखवा.

इंदूरकरांसाठी एक गोष्ट आणखी. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या पाहायला रात्रभर जागणे किंवा रंगपंचमीच्या गेरीतली, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतली, गर्दी आणि कल्लोळ या माणसांना सहसा सोसत नाही. त्याला नेऊच नका असे माझे म्हणणे नाही. संध्याकाळी तासभर जाऊन गोळीच्या वेळेला घरी यावे.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे आणि घरी गणिताच्या शिकवण्या घेते. नऊ वर्षांपूर्वी मला स्किझोफ्रेनिया झाला. गेली सहा वर्षे मी ठीक आहे. पण संध्याकाळी थकले की दूरच्या खोलीत रेडिओ लागल्यासारखा आवाज येतो. शब्द कळत नाहीत, कधीतरी माझे नाव ऐकू येते. तो खरा नाही हे मला माहीत आहे. डॉक्टरांना सांगितलेले नाही, कारण पूर्वी डोस वाढवला तेव्हा शिकवताना जीभ जड व्हायची. सांगू का? (एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : सांगा, ताई, आणि तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगा: आवाज येतो, त्याने शिकवण्यांत अडथळा येत नाही, आणि मागच्या वेळी वाढवलेल्या गोळीने जीभ जड झाली होती. डॉक्टर आवाजाबरोबर आपले कामही मोजतात. सहा वर्षे स्थिर असलेल्या, भास हा भास आहे हे ओळखणाऱ्या आणि पोटापाण्याचे काम नीट करणाऱ्या व्यक्तीच्या गोळ्या केवळ संध्याकाळच्या पुसट आवाजासाठी वाढवाव्यात असे मला स्वतःला वाटत नाही, आणि बरेच मनोविकारतज्ज्ञ असाच विचार करतील. लपवण्याचा तोटा मोठा आहे. उद्या आवाज वाढला तर तो कशाच्या तुलनेत वाढला, हे कोणालाच कळणार नाही.

आवाज आपल्याला संध्याकाळी, थकल्यावर ऐकू येतो, यात त्याला आवरण्याचा उपायही आहे. १९९३ मध्ये लंडनच्या संशोधकांना असे आढळले की आवाज ऐकू येत असताना रुग्णाच्या मेंदूतील, एरवी बोलण्यासाठी वापरला जाणारा भाग अधिक कार्यरत असतो. याचा अर्थ, मनातल्या मनात होणारे आपलेच बोलणे आपल्याला बाहेरून आल्यासारखे वाटते. म्हणून जीभ आणि ओठ कामाला लावले की आवाज पुष्कळांना मंदावताना जाणवतो. मोठ्याने वाचणे, गुणगुणणे, रामरक्षा म्हणणे यांपैकी काहीही चालेल. आपण गणिताच्या आहात, तेव्हा पावकी-निमकीचे पाढे म्हणून पाहा. शेवटची तुकडी अर्धा तास आधी संपवता आली, दुपारी वीस मिनिटे पाठ टेकता आली आणि संध्याकाळचा चहा रिकाम्या पोटी घेतला नाही, तर आवाजाचे दिवसच कमी होतात का, हे दोन आठवडे बघावे.

हे सगळे पुसट आवाजाविषयी झाले. तो आवाज आज्ञा देऊ लागला, शिव्या देऊ लागला, आपण त्याला उत्तर देऊ लागलात किंवा तो सांगतो ते खरे असावे असे एकदाही वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रात्रीची वेळ असेल आणि कोणी भेटत नसेल तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. २०२२ पासून ही सेवा देशभर विनामूल्य मिळते.

प्रश्न : धाकट्या भावाला दोन औषधांनी गुण आला नाही म्हणून दीड वर्षापासून क्लोझापिन सुरू आहे. आवाज निम्म्यावर आले, पण गेले नाहीत. रक्ततपासणीचा त्याला कंटाळा आला आहे. दिवसाला वीस बिड्या ओढतो. त्या मी एकदम बंद करवू का? (एक मोठा भाऊ, देवास)

उत्तर : दोन औषधे योग्य मात्रेत पुरेसे आठवडे देऊनही ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यासाठी क्लोझापिनइतके परिणामकारक औषध नाही, हे १९८८ मध्ये जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आणि ते स्थान आजही त्याच औषधाचे आहे. अशा भावाचे आवाज निम्मे होणे ही मिळकत आहे, ती थोडी समजू नका. रक्ततपासणी मात्र टाळता येणार नाही, कारण क्वचित काही जणांत या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात. म्हणूनच ती सुरुवातीला दर आठवड्याला आणि पुढे अंतर वाढवत करतात. ताप आला किंवा घसा दुखला तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासा. बद्धकोष्ठ साधे समजू नका. या औषधात ते जिवावर बेतू शकते. आणि सलग दोन दिवस गोळी चुकली तर जुन्या मात्रेने पुन्हा सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

बिडीचे गणित वेगळे आहे. तंबाखूच्या धुराने यकृत हे औषध लवकर निकामी करते, त्यामुळे वीस बिड्या ओढणाऱ्याच्या रक्तात त्याच मात्रेचे औषध कमी उरते. आवाज निम्मेच राहण्यात तिचाही हात असू शकतो. पण आपण बिड्या एकदम बंद केल्या तर आठवड्याभरात रक्तातले औषध वाढते आणि अतिगुंगी, तोल जाणे, क्वचित आकडी (फिट) येणे असे प्रकार होऊ शकतात. म्हणून बिडी जरूर सोडवा, परंतु तारीख डॉक्टरांबरोबर ठरवा, म्हणजे ते मात्रा त्या हिशेबाने कमी करतील. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे तो बिडी सोडून तंबाखू चघळू लागला तरी औषध वाढेलच, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका अंगावर येईल तो वेगळा.

प्रश्न : मुलगी २७ वर्षांची, पाच वर्षांपूर्वी आजार झाला, आता नोकरी करते. बोलणे कमी आणि गर्दीत थोडी घाबरते, एवढेच राहिले आहे. उज्जैनचे चांगले स्थळ आले आहे. तिचे मामा म्हणतात, सहा महिने गोळ्या बंद करून पाहू. काही झाले नाही तर सांगायची गरजच काय? (एक वडील, इंदूर)

उत्तर : गोळ्या बंद करू नका. २०१२ मध्ये "लॅन्सेट" या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ६५ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी २७ टक्के, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटल्याचे दिसले. गोळी थांबवली की आजार लगेच उलटतोच असे नाही, काही महिने जातात. त्यामुळे सहा महिन्यांत काही झाले नाही यावरून मामांना हवा तो निष्कर्ष निघत नाही. मग लग्नाची धावपळ, नवे घर आणि अपुरी झोप हे सगळे नेमके औषधाविना गाठायचे, असा तो बेत होतो. मामांच्या मायेविषयी मला शंका नाही, पण हा बेत मुलीच्या जिवावर आहे.

आजार लपवून लग्न करू नये, हे मी केवळ नीतीचे म्हणून सांगत नाही. सासरी गोळ्या लपवाव्या लागतात आणि लपवलेली गोळी चुकतेच. कायद्यानेही, फसवणुकीने संमती घेतली या कारणावरून विवाह रद्द करण्याची मागणी होऊ शकते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात हा आजार झालेल्या प्रत्येकाला लग्नाची बंदी मात्र नाही. आजार लग्न आणि संततीसाठी अपात्र ठरवण्याइतका तीव्र असेल तरच प्रश्न येतो, आणि नोकरी सांभाळणारी आपली मुलगी त्यात बसते असे पत्रावरून मला वाटत नाही. मूल हवे असेल तेव्हा औषधांचा विचार दिवस जाण्याच्या आधी डॉक्टरांबरोबर करावा, एवढे आताच लक्षात ठेवा.

आधी मुलीला विचारा की तिला लग्न हवे आहे का; आपल्या पत्रात तिचे मत कुठेच नाही. हवे असेल, तर पत्रिका जुळल्यानंतर आणि बोलणी पुढे जाण्यापूर्वी मुलालाच सांगावे, त्याच्या आत्याला किंवा मध्यस्थाला नव्हे. सांगणारी शक्यतो मुलगीच असावी. काय सांगायचे याची चार वाक्ये तिने आधी लिहून काढावीत: आजाराचे नाव, तो केव्हा झाला, आता काय उरले आहे, गोळ्या चालू राहणार आहेत. त्याला डॉक्टरांना भेटायचे असेल तर तिची परवानगी घेऊन दोघांनी मिळून भेटावे. ती बोलत असेल तेव्हा आपण दुसऱ्या खोलीत असावे, आणि मामांनी त्या दिवशी येऊ नये.